सर्वांत खालची ओळ

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. इकडे सर्व ठीक. तिकडचं तू कळवणार नाहीस, म्हणून तिकडेही ठीकच असणार असं मी परस्पर धरून चालतो. तीन वर्षांनी पत्र लिहितोय. हस्ताक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच फाडलं असशील, तर हे वाक्य लिहिण्यात माझी शाई फुकट गेली, एवढंच. फाडलं नसशील, तर पुढे वाच.

आधी बातम्या. तुझी भावजय बरी आहे, तिचे गुडघे बरे नाहीत. दोन्ही गुडघ्यांचं आपापसात पटत नाही म्हणून ती जिन्यावर कुणाचीच बाजू न घेता मधेच थांबते. कारखान्याचे पत्रे बदलले. बाबांचा लाकडी स्टूल मात्र तसाच आहे, तू ज्यावर उभी राहून वाचायचीस तो. त्याचा एक पाय अजून आखूड आहे आणि अजून कुणी त्याखाली चकती घातलेली नाही. पलीकडच्या गल्लीत मशीनने अक्षरं कापणारा एक जण आलाय. बटण दाबलं की चुकीचं नावसुद्धा बिनचूक कोरून देतो. लोक खूश आहेत.

आता कामाचं. गावातल्या स्मारक समितीने मला एक दगड दिलाय. काळा, सात फूट उंच, चार फूट रुंद, आणि इतका घट्ट की पहिल्या दिवशी छिन्नीचं टोक गेलं, दगडाला ओरखडा नाही. बागेच्या मधोमध उभा करायचा आहे. त्यावर एक्केचाळीस नावं.

कुणाची नावं, ते तुला कळलं असेल. मलाही यादी हातात यायच्या आधीच कळलं होतं. तरी ती उघडायला मला दोन दिवस लागले. दोन दिवस ती हातोडीखाली ठेवली होती, जशी काही उडून जाणार होती. मग उघडली. आहे त्यात. एक्केचाळिसावा आहे.

दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. काम नाकारायचाही विचार केला होता. पण नाकारलं असतं तर ते मशीनवाल्याकडे गेलं असतं.

समितीबद्दल सांगतो, म्हणजे तुला जरा हसू येईल. अध्यक्ष एक निवृत्त मेजर आहेत. ते बोलत नाहीत. त्यांच्या वाटचं चिटणीस बोलतात, आणि स्वतःच्या वाटचंही. चिटणीसांनी आयुष्यात उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे इतिवृत्ताची वही. पण दगडाबद्दल त्यांना सगळं ठाऊक आहे. त्यांनी आराखडा आणला. वर सहा अधिकारी, मोठ्या अक्षरांत, हुद्द्यांसकट. त्याखाली एक शब्द : ‘इतर’. आणि त्याखाली पस्तीस नावं, बारीक, नुसती.

मी म्हटलं, “साहेब, यांचे हुद्दे?”

“किती गर्दी होईल बघा ना! शिपाई, शिपाई, शिपाई... डोळ्याला बरं दिसत नाही.”

“पण होते ना ते.”

“अहो, खालच्यांना हुद्दा कशाला? खाली आहेत, ते दिसतंच आहे की.”

ताई, हे ऐकून मी गप्प बसलो. तू तिथे असतीस तर म्हणाली असतीस, काय रे, आज जीभ घरी ठेवून आलास वाटतं? का गप्प बसलो ते तुला माहीत आहे. त्याबद्दल या पत्रात काही लिहीत नाही.

भावोजींना नमस्कार सांग. उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

तुझा,
भाऊ

*

१ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. त्यावर पत्ता सोडला तर पाच शब्द होते : ‘त्याच्या नावापुढे काय लिहिणार आहेस?’ मायना नाही, सही नाही. मी ते पंधरा वेळा वाचलं. तुझ्या भावजयीने विचारलं, “एवढं काय आहे त्यात?” मी म्हटलं, “सगळंच आहे.”

मागच्या पत्रात जे टाळलं ते आता लिहायलाच हवं. तुझा लेक फौजेत निघाला त्या दिवशी तुझ्या अंगणात सगळे जमले होते. ट्रंक बांधून झाली होती. त्याच्या हातात ते नेमणुकीचं पत्र होतं आणि तो ते सगळ्यांना दाखवत होता, मलासुद्धा. मी चष्मा लावून वाचलं आणि म्हणालो, “म्हणजे सगळं सैन्य वर आणि तू खाली. अन् तुझ्या खाली फक्त जमीन.”

लोक हसले. तोही हसला. त्याला माझ्या बोलण्याचं नेहमीच हसू यायचं, म्हणून तर मी बोलायचो. तू हसली नाहीस. तू म्हणालीस, “तुझी जीभ छिन्नीपेक्षा खोल जाते, आणि छिन्नीचं निदान तू आधी मोजून घेतोस.” मग आत गेलीस. त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस, आणि चौदा महिन्यांनी तो जमिनीखाली गेल्यावर बोलण्यासारखं काही राहिलंही नाही.

तर चिटणीसांचं ते वाक्य माझंच होतं. फक्त त्यांना ते माझ्याइतकं नेटकं बांधता आलं नाही. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते किती हलकं होतं ते कळतं. माझ्यासारख्या माणसाला ही शिक्षा पुरेशी आहे असं देवाला वाटलं असेल, तर त्याचा हिशोब कच्चा आहे.

पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर मला आधी तो शब्दच माहीत हवा होता. चाळीस वर्षं मी अक्षरं कोरतोय. ‘शिपाई’ हा शब्द किती वेळा कोरला असेल, त्याचा अर्थ एकदाही कुणाला विचारला नाही. मी वाचनालयात गेलो.

तिथल्या ग्रंथपालबाई निवृत्त झाल्या आहेत, पण त्यांना कुणी ते सांगितलेलं दिसत नाही. मला बघून म्हणाल्या, “तुम्ही? वीस वर्षांपूर्वी आला होतात. छत्री राहिली होती.”

“मिळेल का?”

“ती मी वापरते. काय हवंय?”

मी सांगितलं : फौजेतल्या साध्या माणसांच्या हुद्द्यांचे अर्थ. अधिकाऱ्यांचे नकोत, त्यांचे तेच सांगतात. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग शिडी लावली आणि एकामागून एक पाच जाड कोश खाली दिले. मी झेलत होतो. पहिला उघडताना मी मनात म्हणत होतो, काय असणार? पायरीला पायरी म्हणतात, तसं काहीतरी असेल.

ताई, मी त्या दिवशी वाचनालय बंद होईपर्यंत बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी बाईंनी खुर्चीवर उशी ठेवली होती.

‘नायक’ तर आपल्याच घरातला. नेणारा. नाटकातला नायक नंतरचा. आधी कुणीतरी पुढे चालून चार माणसांना कुठेतरी नेत होतं. ‘लान्स नायक’मधला लान्स म्हणजे भाला, तोही मोडलेला भाला. फार पूर्वी दूरच्या एका देशात घोडा पडलेला, भाला मोडलेला जुना स्वार पायदळात पायी उभा राहायचा, आणि त्याच्या मोडक्या भाल्यावरून त्याला नाव मिळालं, असं कोश म्हणतो. म्हणजे लढाईत मोडलेली वस्तू हीच त्याची पदवी झाली. मी हे वाचलं आणि छिन्नीची मोडकी टोकं मी इतकी वर्षं भंगारात टाकत आलो ते आठवलं.

‘सॅपर’ हा शब्द कुदळ-फावड्यापासून आला. दुसऱ्याच्या भिंतीखाली खणत जाणारा. ‘सार्जंट’ म्हणजे मुळात सेवा करणारा. बाहेरच्या काही फौजांत आपल्या शिपायाला ‘प्रायव्हेट’ म्हणतात, म्हणजे ज्याच्याकडे कुठलंही पद नाही असा माणूस. एवढंच. मी बाईंना म्हटलं, “हे तर पद नसण्याचंच नाव झालं.” त्या म्हणाल्या, “मग? पद नसताना जाणाऱ्याला काहीतरी म्हणायला हवंच ना. पद घेऊन काय, कुणीही जातं.”

आणि ‘शिपाई’. मी तो मुद्दाम शेवटी ठेवला होता. पान उघडायला भीती वाटत होती म्हणून नाही, असं मी बाईंना सांगितलं. त्यांनी पान उघडून माझ्याकडे सरकवलं.

फारसी ‘सिपाह’ म्हणजे सैन्य, फौज. ‘सिपाही’ म्हणजे फौजेचा. बस. पुढे काही नाही. बाकी प्रत्येकाच्या नावात काहीतरी वेगळं काढून दिलेलं आहे, कुणाला भाला, कुणाला फावडं, कुणाला पुढे चालणं. याच्या नावात काहीच वेगळं काढलेलं नाही, कारण काढायला काही उरलंच नाही. अख्खी फौज त्याच्या नावात आहे. वरचे सगळे हुद्दे पुसले तरी तो उरतो. तो पुसला तर वरच्यांना उभं राहायला काय आहे?

मी कोशाच्या पानावर हात ठेवून बसलो होतो. बाई म्हणाल्या, “पानावर घाम पडू देऊ नका.” मी म्हटलं, “घाम नाही.” त्या दुसरीकडे बघायला लागल्या.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर : मी ‘शिपाई’ लिहिणार आहे. समितीला अजून पटलेलं नाही. चिटणीसांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, “छान, छान! स्मरणिकेत एक परिच्छेद टाकू.” मला ते शब्द दगडावर घ्यायचे होते, त्यांनी ते कागदावर उतरवले.

तुला लिहायचं आणखी एक राहिलं आहे. ते आज नाही जमत. दिवा कमी आहे, असं समज.

तुझा,
भाऊ

*

२२ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. या वेळी बातम्या नाहीत. गुडघे तसेच.

मागच्या मंगळवारी कारखान्यात एक माणूस आला. उंच, सावकाश चालणारा, एका खांद्याने जरा खाली. दारात थांबून म्हणाला, “तो दगड इथेच आहे का?” मी म्हटलं, “कुणाचं नाव बघायचंय?” म्हणाला, “तिघांचं.” मग मला कळलं, तो त्यांचा हवालदार होता.

मी त्याला बाबांच्या स्टुलावर बसवलं. तो डुगडुगला. मी म्हटलं, “आखूड आहे एक पाय.” तो म्हणाला, “ओळखीचं वाटतं.” आणि हसला. चहा घेतला. आपल्या तिघांची नावं एकाखाली एक यावीत एवढंच त्याला सांगायचं होतं. “मधे दुसरं कुणी नको. रांगेत तसेच चालायचे.”

त्याला बोलतं करायचं म्हणून मी म्हटलं, “तुमच्या हुद्द्याचा अर्थ माहीत आहे का तुम्हाला?” तो कप खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं : हवाला म्हणजे सोपवणं, दार म्हणजे धरणारा. ज्याच्या हवाली केलंय, तो हवालदार.

त्याने कप थोडा बाजूला सरकवला. मग म्हणाला, “माझ्या हवाली अकरा होते. आठ आणले.”

ताई, मी चाळीस वर्षांत अर्थ इतका उघडा कधी बघितला नव्हता. एका माणसाने आपल्या हुद्द्याचा अर्थ ऐकला आणि लगेच त्यातला आकडा सांगितला. मी काही बोललो नाही. आयुष्यात दुसऱ्यांदा.

मग त्याने विचारलं, “हे तुम्हाला कसं माहीत?” मी म्हटलं, कोशात बघितलं. तो म्हणाला, “म्हणजे तुम्ही ते मामा!”

इथून पुढचं मी तुझ्यापासून लपवलं होतं. आता लिहितो.

त्याचं मला एक पत्र आलं होतं. तो गेला त्याच्या सहा आठवडे आधी. त्यात लिहिलं होतं : ‘मामा, तू अक्षरं कोरतोस, तुला शब्दांचं सगळं माहीत असणार. इथे रोज आमचा वाद होतो. शिपाई म्हणजे काय, नायक म्हणजे काय, ही नावं आली कुठून? हवालदारसाहेब म्हणतात, शिपायाला अर्थ नसतो, हुकूम असतो. मी पैज लावली आहे की अर्थ असतो. तू शोधून कळव. आणि मामा, खाली जमीन आहे ते खरं आहे, आम्ही दिवसभर ती खणतो. फार छान आहे.’

शेवटच्या ओळीत तो माझी थट्टा माझ्याच गळ्यात घालत होता. मी ती वाचून खो खो हसलो होतो. झकास उत्तर लिहायचं ठरवलं, असं की ते तिथे सगळ्यांना वाचून दाखवतील. झकास उत्तराला वेळ लागतो. मी ते पत्र आराखड्यांच्या खणात ठेवलं. आणि मग तू जशी ऐकलीस तशी ती बातमी मीही ऐकली. त्याला आणलं त्या दिवशी मी तुझ्या फाटकापर्यंत आलो होतो. ते पत्र माझ्या खिशात होतं. तुला वाटलं असेल, हा आलाच नाही. मी आलो होतो, उत्तराशिवाय आत येता आलं नाही.

हवालदार सांगत होता आणि मी ऐकत होतो. “रोज टपाल आलं की पोरं त्याला छेडायची, काय रे, आला का तुझा अर्थ? तो म्हणायचा, मामा शोधतोय. माझा मामा दगडात लिहितो, घाईत नाही लिहीत. येईल.” हवालदार थांबला. “शेवटच्या सकाळीसुद्धा कुणीतरी विचारलं. तो म्हणाला, उद्या येईल बघ.”

मी खणातून ते पत्र काढून त्याला दिलं. त्याने वाचलं, घडी होती तशी घातली आणि परत दिलं. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “मग आता सांगा. मी बाकीच्या आठांना कळवतो. पैज आहे.”

मी सांगितलं. मोडका भाला, फावडं, नेणारा, फौजेचा. आणि एक शब्द जो मी तुला मागच्या पत्रात लिहिला नव्हता. पायदळाला बाहेरच्या कितीतरी भाषांत ‘इन्फंट्री’ म्हणतात. त्याच्या मुळाशी आहे लहान मूल. अगदी मुळाशी गेलं तर, ज्याला अजून बोलता येत नाही ते. शेकडो वर्षं राजांनी, सेनापतींनी नकाशावर बोट ठेवून हा शब्द उच्चारला, पाच हजार इकडे पाठवा, दहा हजार तिकडे. आणि प्रत्येक वेळी त्यांच्याच तोंडातून ‘मुलं’ हा शब्द बाहेर पडत होता, आणि कुणाला ऐकू आला नाही. मला त्या वाचनालयात एकदम ऐकू आला. इतका मोठा की बाईंनी वर बघितलं, मीच काही बोललो असेन.

हवालदार म्हणाला, “बोलता येत नाही म्हणता? आमच्यातला एक तर झोपेतसुद्धा बोलायचा.” मग त्याने तोंड फिरवलं. कुणाबद्दल म्हणाला, ते आपल्या घरात लहानपणापासून माहीत आहे.

आता दगडाचं.

बाबांची रीत तुला आठवते. छिन्नी लावण्याआधी सगळा मजकूर मोठ्याने वाचायचा, आणि खालून वर. वरून वाचलं की डोळ्याला पुढचं ठाऊक असतं, तो चुकीवरून घसरून जातो. खालून वाचलं की प्रत्येक नाव एकटं भेटतं. आणि वाचायचीस तू. तुला ताप होता तेव्हा बाबांनी एकदाच न वाचता दगड कोरला आणि एका वेलांटीपायी दगडाची सगळी पुढची बाजू बोटभर घासून उतरवावी लागली. अकरा दिवस. दगडावर एक नाव चुकलं तर ते एकटं दुरुस्त होत नाही, सगळ्यांना एक थर खाली यावं लागतं. त्यानंतर तू वाचल्याशिवाय या कारखान्यात छिन्नी लागली नाही, तू लग्न करून गेलीस तोपर्यंत.

शनिवारी समिती कागदी आराखडा बघायला आली. दगडाएवढा कागद भिंतीला लावला होता. चिटणीस वरून सुरू करणार, इतक्यात मी म्हटलं, आमच्याकडे खालून वाचतात.

“का?”

“वडिलांची रीत.”

“बरं, बरं. पण वाचणार कोण?”

मी हवालदाराला बोलावून ठेवलं होतं. तो कागदापुढे उभा राहिला. मी सर्वांत खालच्या ओळीवर तळहात ठेवला आणि म्हटलं, “इथून नको. हिच्या वरच्यापासून. या ओळीची वाचणारी वेगळी आहे.” त्याने मान हलवली.

आणि त्याने वाचायला सुरुवात केली. कागदावर नुसती नावं होती. पण त्याला नुसतं नाव घेताच येईना. प्रत्येक नावाआधी तो आपल्या मनातून हुद्दा घालत होता. शिपाई अमुक. शिपाई तमुक. सॅपर. शिपाई. शिपाई. लान्स नायक. सगळे त्याच्या ओळखीचे नव्हते. जिथे ठाऊक नव्हतं तिथे तो माझ्याकडे बघायचा, मी यादीतून सांगायचो, तो म्हणायचा. तो मोठ्याने नव्हता वाचत. हजेरीला हाक मारतात तसा वाचत होता आणि प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबत होता. त्या थांबण्यात उत्तर यायची जागा होती.

चौथ्या-पाचव्या नावाला मेजरसाहेब खुर्चीतून उठले. सावधान उभे राहिले. मग चिटणीसही उठले, वही छातीशी धरून. बाकीच्यांना काय दिसलं मला माहीत नाही ताई, पण हुद्द्याहुद्द्याने वाचत तो वर येत होता आणि मला दिसत होतं, बांधताना थराथराने भिंत चढते तशी. वरचे सहा जण पस्तिसांच्या खांद्यांवर उभे होते. चौतिसांच्या आणि माझ्या हाताखालच्या एकाच्या.

‘इतर’ या शब्दापाशी हवालदार आला आणि थांबला. तो शब्द त्याने वाचलाच नाही. वरच्या सहांवर गेला.

सगळं झाल्यावर हवालदार एक पाऊल मागे आला. मग मेजरसाहेब बोलले. मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. “ज्याचं जे आहे ते त्याच्या नावापुढे लिहा. आणि तो मधला शब्द काढा.” चिटणीस म्हणाले, “साहेब, गर्दी...” मेजर म्हणाले, “होऊ द्या.” जाताना त्यांनी माझ्या हाताखालच्या ओळीकडे बोट केलं. “वाचणाऱ्या बाई कधी येणार?” मी म्हटलं, “माहीत नाही.” ते म्हणाले, “त्या येईपर्यंत छिन्नी लावू नका.”

तर असं आहे. मी सगळी अक्षरं गेरूने दगडावर उतरवली आहेत. एक्केचाळीस ओळी. सर्वांत खाली, जमिनीपासून वीतभर वर, त्याची. त्याच्यापुढे ‘शिपाई’. तिन्ही पत्रांत मी त्याचं नाव एकदाही लिहिलं नाही, तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्या हातून ते आधी दगडावर जावं आणि तुझ्या तोंडून आधी ऐकू यावं, असं वाटलं.

खालून वाचलं की तो पहिला येतो. मी त्याला सर्वांत खालचा म्हणालो होतो तेव्हा बाबांची ही रीत मला माहीत होती, आणि तरी मला आठवली नाही.

येत्या रविवारी सकाळी ये. आली नाहीस तर पुढच्या रविवारी. उद्घाटनाची तारीख समितीने छापली आहे, ती चुकली तर छापखान्याची चूक म्हणू. गेरू पाण्याने जातो, म्हणून मी दगडावर ताडपत्री घातली आहे आणि तुझी भावजय रोज ती उचलून खालची ओळ ओली झाली नाही ना ते बघते. मला सांगत नाही. मला दिसतं.

माझ्याशी बोलायला हवं असं नाही. स्टुलावर चढायचंही कारण नाही, ती ओळ खालीच आहे. तुला वाकावं लागेल, मी खाली सतरंजी टाकून ठेवीन. तू वाच. चुकलं असेल तर बोट ठेव. बरोबर असेल तर काही म्हणू नकोस, मी छिन्नी उचलीन.

त्याचं पत्र सोबत पाठवतो आहे. ते माझं नव्हतं इतके दिवस ठेवायला. त्याच्या पाठीवर मी उत्तर लिहिलं आहे. झकास नाही. एकच ओळ आहे : ‘पैज तू जिंकलास.’ त्याचा पत्ता आता माझ्याकडे नाही, म्हणून तुझ्या पत्त्यावर.

त्याचा,
मामा